एका देशाच्या बारा चौकटी

जिनिव्हा
१८ ऑक्टोबर २००८

प्रिय चारूदादा,

नमस्कार. पत्र हातात पडल्यावर तू मुग्धावहिनीला म्हणशील, "मृणालचं पत्र! हिचं काहीतरी काम असणार." बरोबर आहे. काम आहे.

गेल्या महिन्यात तू मुद्दाम फोन करून हसलास, की आमचं कणांवर कण आदळणारं, जगातलं सगळ्यात मोठं यंत्र सुरू होऊन दीड आठवड्यात बंद पडलं. पडलं खरं. दुरुस्तीला वर्ष लागेल. पण त्याच आठवड्यात न्यूयॉर्कची बँक बुडाली, आणि आई सांगते की तेव्हापासून तुमच्या टॉवरांचीही तब्येत बरी नाही. तेव्हा आपण दोघांनी एकमेकांना हसायचं थांबवू या.

आता काम. इथल्या मोठ्या प्रयोगांत दोन-दोन, तीन-तीन हजार शास्त्रज्ञ असतात. आमचा प्रयोग छोटा. माणसं दोनशे, भांडणं तीन हजारांची. आम्हाला म्यूऑन नावाचा कण बघायचा असतो. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जाडजूड थोरला भाऊ. दगडातून, लोखंडातून, माणसातून आरपार जातो आणि कुणाला काही विचारत नाही. तो जाताना दिसावा म्हणून आम्ही वायू भरलेल्या चपट्या पेट्या लावतो. त्या पेट्या धरून ठेवायला ॲल्युमिनियमच्या चौकटी लागतात. बारा चौकटी.

प्रयोगात येणाऱ्या प्रत्येक देशाने काहीतरी घेऊन यायचं, अशी इथली रीत आहे. यंदा अमिरातींनी नाव घातलं. म्हणजे तिथल्या एका विद्यापीठाने. "लहान देशांनाही जागा द्या" असं कमिटीत उठून बोलणारी शहाणी मीच. करार झाला, झेंडे लावून फोटो झाला, लोगो झाला. लोगो इतका देखणा आहे की चौकटी करायच्या राहूनच गेल्या. त्यांच्या कन्सल्टंटने मला पन्नास पानी 'व्हिजन' पाठवलंय. त्यात चौकट हा शब्द एकदाही येत नाही.

मग आठवलं, तुझ्या देशात माझा एक मामेभाऊ आहे. तुझा देश म्हणजे, तू तिथे फक्त वीस वर्षं राहतोस. तो मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये इमारतींच्या काचांसाठी ॲल्युमिनियमच्या चौकटी करतो. ड्रॉइंग सोबत जोडलंय. पाण्याचा ग्लास त्यावर ठेवू नकोस.

चौकटी वेळेत आल्या नाहीत तर तो देश बाहेर, आणि त्याच्यापाठोपाठ माझं कमिटीत बोलणंही बाहेर.

तुझी गरजू बहीण,
मृणालिनी


मुसफ्फा, अबू धाबी
१४ नोव्हेंबर २००८

विश्वाचं कोडं सोडवणारी चि. मृणालिनी हिस आशीर्वाद.

मुग्धा तेच म्हणाली. शब्द न् शब्द.

आधी इकडची खुशाली. आमच्याकडे मंदी अजिबात नाही. तो शब्द ऑफिसात काढला की लोक मागे वळून बघतात. आमच्याकडे आहे 'री-शेड्युलिंग'. दुबईतला आमचा अठ्ठेचाळीस मजली टॉवर री-शेड्यूल झाला. त्याच्या पायाच्या खड्ड्यात पाणी साचलंय आणि जवळच्या रास अल खोरच्या पाणथळीतले फ्लेमिंगो तिथे येऊन बसतात, असं साइट इंजिनियर सांगतो. त्या टॉवरसाठी आणलेलं ॲल्युमिनियम माझ्या आवारात आडवं झालंय आणि माझी साठ माणसं चहा पितायत. त्यामुळे तुझ्या कामाला मला वेळ आहे असं समजू नकोस. मोठ्या मनाने काढतोय.

विद्यापीठात जाऊन आलो. दारातच दोन मजली बॅनर: 'द्रव्याच्या अंतरंगाकडे राष्ट्राची झेप'. झेप घेणारी टीम आत बसलेली. प्रोफेसर जॉर्डनचे, सेक्रेटरी फिलिपिन्सची, फॅब्रिकेटर म्हणजे मी, कोथरूडचा. राष्ट्राचं असं एकच माणूस, हमीदा नावाची विद्यार्थिनी. एम.एस्सी. करते. प्रोफेसर भला माणूस आहे. मला म्हणाला, "इन्शाल्ला, सगळं वेळेत होईल." इथे वीस वर्षं काढल्यावर इन्शाल्लाच्या चालीवरून कळतं की काम होणार की नाही. या इन्शाल्लात प्रोफेसरलाही खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी हमीदा वर्कशॉपमध्ये हजर. स्वतः गाडी चालवत आली. अबायाखाली सेफ्टी शूज. आमचा फोरमन खैरुद्दीन आझमगढचा. त्याचं तोंड मी पंधरा वर्षांत बंद पाहिलेलं नाही. तो गप्प झाला.

तिने विचारलं, "टॉलरन्स किती ठेवता? म्हणजे चूक किती चालते?"

मी छाती फुगवून म्हटलं, "तीन मिलिमीटर."

"अर्धा पाहिजे."

"मॅडम, बाविसाव्या मजल्यावर तीन मिलिमीटर कोण बघतंय?"

ती म्हणाली, "म्यूऑन."

खलास. नमुन्याची पहिली चौकट कुरिअर करतोय, हे पत्र त्याच खोक्यात टाकलंय. शेजारच्या कॅफेटेरियात तिने सगळ्यांना शावरमा खिलवला. पाच दिरहमला एक, म्हणजे पासष्ट रुपये. पुण्यात एवढ्यात आम्ही दोघं जेवायचो, असं मी तिला सांगितलं. तिने विचारलं, "कोणत्या साली?"

मुलगी तुमच्यातली शोभते.

तुझा व्हेंडर,
चारुदत्त


जिनिव्हा
२२ जानेवारी २००९

प्रिय चारूदादा,

खिडकी पोचली. फार सुंदर आहे. आमच्या मोजणी विभागातल्या बाईंनी ती बघून विचारलं, "आणि काच मागाहून येणार का?"

कर्ण दोन मिलिमीटरने चुकलाय. चारही कोपरे जोडताना ओढले गेलेत. तुझे स्क्रू लोखंडी आहेत. इथे खोलीएवढं चुंबक आहे, दादा. चाचणी करताना एक स्क्रू माझ्या डोळ्यांदेखत सुटून चुंबकाला जाऊन चिकटला. तीन माणसांनी तो ओढून काढला. त्यांतला एक आता मला 'मिसेस स्क्रू' म्हणतो.

पुन्हा कर. स्क्रू बिनचुंबकी हवेत, आणि कर्ण अर्ध्या मिलिमीटरच्या आत. तुला हे जमणार नाही असं कमिटीतल्या एका गृहस्थांचं मत आहे. त्यांनी अख्ख्या आखाताबद्दलच ते मत दिलं. मी म्हटलं, माझा भाऊ गेली वीस वर्षं उंटाच्या पाठीवर बसून वेल्डिंग करतोय, त्याला थोडा वेळ द्या. ते हसले नाहीत. त्यांना खरंच वाटलं.

मुग्धावहिनीला दोन मेल केल्या, उत्तर नाही. शुभ्राच्या वाढदिवसाला भाचीशी बोलावं म्हणून फोन केला तर तो नंबर बंद. सगळं ठीक ना?

मृणालिनी


मुसफ्फा
२७ फेब्रुवारी २००९

मिसेस स्क्रू यांस,

उंट पार्किंगला लावून लिहायला बसलोय.

चूक वेल्डिंगची होती. ॲल्युमिनियम तापलं की आक्रसतं आणि कोपरे आत ओढतं. इमारतीत ते खपतं, कारण पुढे सिलिकॉन भरून झाकता येतं. तुमच्या म्यूऑनला सिलिकॉनने फसवता येत नाही, असं हमीदा म्हणते. म्हणून आता वेल्डिंगच काढून टाकलं. कोपऱ्यांत ठोकळे बसवून, पिना घालून, बोल्टने आवळतो. बोल्ट तुझ्या चुंबकाकडे ढुंकूनही बघणार नाहीत असे आणलेत.

हमीदा आता आठवड्यातून तीनदा येते. हिंदी सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत ती खैरुद्दीनशी भांडते.

"खैरुद्दीन भाई, ये टेढ़ा है."

"मॅडम, आप टेढ़े से देख रही हैं."

"तो सीधे से आप देखो. टेढ़ा ही दिखेगा."

मग दोघं चहा पितात आणि चौकट पुन्हा खोलतात. तिने मला मोजायचं यंत्र वापरायला शिकवलं. मी इंजिनियर आहे हे मी तिला सांगितलं नाही. उगाच तिचा अपेक्षाभंग कशाला?

बाकी री-शेड्युलिंग जोरात आहे. साठातली माणसं आता नऊ उरली. बाकीच्यांना विमानात बसवून आलो. दर शुक्रवारी कुणाला ना कुणाला पोचवायला एअरपोर्टला जातो. आमच्या मराठी मंडळात तर हळदीकुंकवाऐवजी निरोपसमारंभच जास्त होतात. पण तू काळजी करू नकोस. वर्कशॉपमध्ये काम आहे. म्हणजे तुझं आहे.

मुग्धा मजेत आहे. शुभ्रा अभ्यासात बुडालीय. फोनची कंपनी बदलली म्हणून नंबर लागला नसेल. दोघींनी नमस्कार सांगितलाय.

दुसरी चौकट सोबत आहे. त्या गृहस्थांना सांग, काच मागाहून येणार नाही.

चारुदत्त


जिनिव्हा
३ एप्रिल २००९

प्रिय चारूदादा,

पास!

मोजणीवाल्या बाईंनी दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा त्यांचाच विश्वास बसला नाही. कर्णाची चूक पाव मिलिमीटरसुद्धा नाही. आखातावर मत असलेल्या गृहस्थांनी चौकट उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "कुठून मागवली?" मी म्हटलं, "अबू धाबीहून." ते म्हणाले, "हो, पण केली कुठे?" चारूदादा, मला त्या क्षणी जे उत्तर द्यावंसं वाटलं ते मराठीत होतं, म्हणून वाया गेलं.

ही एक झाली, उरलेल्या अकरा कर. हिवाळ्यात यंत्र थांबलेलं असताना त्या बसवायच्या आहेत, म्हणजे ऑक्टोबरात तिथून निघायला हव्यात.

एक कर. विद्यापीठाला फोनबिन करू नकोस. तिथली माणसं फार कामात आहेत. कागदपत्रांचं मी बघते. तू फक्त चौकटी कर.

मृणालिनी


मुसफ्फा
१९ जून २००९

चि. मृणालिनी,

'फोनबिन करू नकोस' वाचलं आणि दोन महिने तुला पत्र लिहिलं नाही. आज लिहितो.

मार्च संपता संपता प्रोफेसर वर्कशॉपमध्ये आला होता. हातात खजुराचा डबा. म्हणाला, "चारू, हबीबी, प्रोग्रॅम फ्रीज झाला. मी अम्मानला परत चाललो." बॅनर उतरवलं. सेक्रेटरीला मनिलाचं तिकीट मिळालं. राष्ट्राची झेप आहे तिथेच थांबली, अशी की पाय जमिनीवरून सुटले होते का तेही आता कुणाला आठवत नाही.

म्हणजे तुझं पत्र आलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. आणि पत्रातल्या त्या एका ओळीवरून कळलं की तुलाही माहीत आहे. तू मला सांगितलं नाहीस, मीही तुला सांगितलं नाही. मी का नाही सांगितलं? तू काम थांबवशील म्हणून. तू थांबवलंस, की माझ्याकडे शटर ओढण्याखेरीज उद्योग उरत नव्हता.

काल आणखी गंमत झाली. मी हमीदाला म्हटलं, "मृणालिनी मॅडमला विद्यापीठाचं माहीत आहे बरं का." ती म्हणाली, "मला माहीत आहे की त्यांना माहीत आहे. तुम्हाला सांगू नका असं त्यांनीच मला लिहिलं होतं. आणि त्यांना सांगू नका असं तुम्ही मला सांगितलं होतं. मी दोघांचंही ऐकलं." तिघांनी मिळून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली. एवढा एकोपा तुमच्या आंतरराष्ट्रीय विज्ञानात कधी झाला असेल तर कळव.

तेव्हा आज रोजी अमिरातींचा कणभौतिकीतला सहभाग असा आहे: कुणीही नेमलेली नाही अशी एक मुलगी, कुणीही ऑर्डर दिलेली नाही असं एक वर्कशॉप, आणि तू. सात चौकटी तयार आहेत. त्या टॉवरच्या ॲल्युमिनियममधूनच करतोय, टॉवरच्या मालकाने "घेऊन टाक, नाहीतर भंगारात जाईल" म्हटलंय. ढगांना टेकायचं म्हणून आणलेलं ॲल्युमिनियम जमिनीखाली शंभर मीटर जाणार. नशीब बघ.

बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. आत पन्नास. मुग्धाचा नमस्कार.

चारुदत्त


जिनिव्हा
४ जुलै २००९

चारूदादा,

मुग्धाचा नमस्कार? वा.

काल आईने फोनवर सहज सांगितलं, "मुग्धा परवा अळूची पानं देऊन गेली." मी म्हटलं, अबू धाबीहून? आई म्हणाली, "अगं, ती जानेवारीपासून इथेच आहे ना, कोथरूडला. शुभ्रालाही इथल्याच शाळेत घातलंय. तुला चारूने नाही सांगितलं?"

मग मी वहिनीला फोन लावला. ती म्हणाली, "घर सोडलं. चारू वर्कशॉपच्या वरच्या खोलीत राहतो. मी म्हटलं, बंद कर आणि चल. तर म्हणतो, मृणालचं काम अर्धवट आहे. मृणालला मी काही सांगितलं तर याद राख, असंही म्हणतो. बाई गं, तुझ्या त्या खिडक्या कधी संपणार आहेत?"

चार महिने तू मला वहिनीचे नमस्कार कळवतोयस, आणि ती बिचारी मला शिव्या देत असणार.

हो, मला विद्यापीठाचं माहीत होतं. इथे कमिटीने ठरवलं होतं की अमिरातींची जागा काढून घ्यायची. दुसरा एक देश टपून बसलाय. त्यांच्याकडे पैसा, माणसं, कारखाने सगळं आहे, फक्त जागा नाही. मी म्हटलं, चौकटी आल्या तर? अध्यक्ष म्हणाले, चौकटी आल्या तर जागा राहील. म्हणून मी तुला सांगितलं नाही. तू काम सोडशील असं वाटलं. तू तिकडे एकट्याने राहून ते करतोयस हे माहीत असतं तर मी ते तुला करूच दिलं नसतं.

आता ऐक. बंद कर. पुण्याला जा. चौकटी तो दुसरा देश करेल, माझी कमिटीत जी शोभा व्हायची ती होईल. यात विनोद शोधू नकोस. मी हे गंभीरपणे लिहितेय.

मृणालिनी


मुसफ्फा
१८ ऑक्टोबर २००९

चि. मृणाल,

तुझ्या पत्राला साडेतीन महिने उत्तर दिलं नाही, कारण तू ते गंभीरपणे लिहिलं होतंस आणि मला तसं लिहिता येत नाही. एकदा प्रयत्न करतो, मग नेहमीच्या वळणावर येतो.

वीस वर्षांत मी या देशात किती इमारतींना काचा लावल्या त्याची गणती नाही. गेल्या वर्षी एकदम सगळंच अर्ध्यावर थांबलं. रस्त्याने जाताना जिकडे बघावं तिकडे माझी अर्धवट कामं उभी. यांतलं एक तरी पुरं करून जावं असं वाटलं. पुरं होण्यासारखं तुझंच तेवढं होतं. मुग्धाला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे. पण मी तुला माफ केलं असं समजू नकोस." समजत नाहीये.

झालं. आता वळणावर.

चौकटी बाराच्या बारा झाल्या. पॅक केल्या. कार्गोवाला म्हणाला, पाठवणार कोण? विद्यापीठात गेलो. त्यांनी सांगितलं, असा कुठलाही प्रोग्रॅम नाही. मी म्हटलं, होता. ते म्हणाले, नव्हता. बॅनर अडकवलेले खिळे अजून भिंतीत होते, तेवढेच माझ्या बाजूने.

आमचे अरबाब म्हणजे माझे लोकल पार्टनर, वर्कशॉपचं लायसन्स त्यांच्या नावावर. ते म्हणाले, "मी सही करतो, पण लायसन्स डिसेंबरात संपतंय आणि या वेळी मी ते पुढे वाढवत नाहीये. माझंही वय झालं, चारू." लायसन्स संपलं की माझा व्हिसाही संपला. त्यात त्यांचा काही दोष नाही.

शेवटी तोड हमीदाने काढली. प्रोग्रॅम फ्रीज झालाय, पण तिची एम.एस्सी. थोडीच फ्रीज झालीय? तिने प्रबंधासाठी लागणारं साहित्य म्हणून बारा चौकटी दाखवल्या. डिपार्टमेंटच्या प्रमुखांनी सही केली. विद्यार्थ्यांच्या कागदावर ते वाचून सही करत नाहीत, ही त्यांची जुनी सवय विज्ञानाला उपयोगी पडली.

मग कस्टम्स. ऑफिसरने खोकं उघडायला लावलं.

"हे काय?" त्याने मला हिंदीत विचारलं.

"पार्टिकल फिजिक्स," मी म्हटलं.

"खिडकी है ना?"

"खिडकी जैसा दिखता है."

"खिडकी है तो खिडकी लिखो."

हमीदा पुढे झाली आणि अरबीत काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. तो ऐकत राहिला. मग त्याने एक प्रश्न विचारला, तिने उत्तर दिलं. त्याने शिक्का मारला आणि उठून खोक्याचं झाकण स्वतः लावलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"त्याने विचारलं, जिनिव्हात हे कुणाचं म्हणून लावणार?"

"मग तू काय सांगितलंस?"

"आपलं."

चौकटी निघाल्या. हमीदा डिसेंबरात बसवायला येतेय, तिकीट तिच्या वडिलांनी काढलं. तू मेल करून मलाही बोलावलंस, पण तुमच्या व्हिसावाल्यांना माझा इथला मुक्काम निदान तीन महिने तरी शिल्लक हवा. ज्या देशातर्फे मी हे पाठवलं त्या देशात मी आता पाहुणासुद्धा नाही, नुसता रेंगाळलेला माणूस आहे. तू लाव नीट.

चारुदत्त


जिनिव्हा
२ एप्रिल २०१०

प्रिय चारूदादा,

पेपरात वाचलं असशीलच. परवा यंत्र पूर्ण जोमात चाललं आणि कण कणांवर आदळले. लोक घाबरवत होते तसं जग काही बुडालं नाही. तुझ्या ओळखीच्या कुणी बुडण्यावर पैज लावली असेल तर वसूल कर.

चौकटी हिवाळ्यातच बसल्या. अकरा सरळ आत गेल्या, बारावी अडकली. आखातावर मत असलेले गृहस्थ म्हणाले, "मला वाटलंच होतं." हमीदा टॉर्च घेऊन आत पोटावर सरपटत गेली. बाहेर आली ती तोंडभर धूळ घेऊन. म्हणाली, "चौकट बरोबर आहे. तुमच्या केबलचा ट्रे आठ मिलिमीटर बाहेर आलाय." ट्रे त्या गृहस्थांच्याच देशाचा. तो कापायला त्यांना दोन दिवस लागले. तोवर ती रोज त्यांना विचारायची, "काही मदत हवी का? आमच्याकडे माणसं आहेत."

परवा कंट्रोल रूममध्ये ती माझ्या शेजारी होती. पडद्यावर पहिला म्यूऑन दिसला तो सातव्या पेटीतून गेलेला. एक सरळ रेघ, बस. ती बघत राहिली. मग बाहेर जाऊन वडिलांना फोन केला. तासाभराने आली तर डोळे सुजलेले. मी विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "विचारत होते, जेवलीस का."

आणि काल सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी सहभागी देश वाचून दाखवले. अमिराती वगळले. फाइलमध्ये अजून 'स्थगित' लिहिलंय ना! दोनशे माणसांत हमीदा उभी राहिली.

"एक राहिला," ती म्हणाली.

"कोणता?"

"तुमच्या पेट्या ज्याने धरून ठेवल्यात, तो."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी पेन काढून लिहिलं. मी त्या गृहस्थांकडे मुद्दाम बघितलं नाही. अगदी थोडंसंच बघितलं.

तू कुठे आहेस? डिसेंबरात निघणार होतास ना? आई म्हणते अजून पोचला नाहीस. हे पत्र मुसफ्फाच्याच पत्त्यावर पाठवतेय.

मृणाल


पुणे
६ जून २०१०

चि. मृणाल,

आलो बाई. अरबाबांनी दया येऊन लायसन्स सहा महिने वाढवलं, वर्कशॉप आवरायला. मशीन विकली. खैरुद्दीनला कतारमध्ये काम मिळालं. निघताना त्याने हमीदासाठी निरोप ठेवला, "मॅडम को बोलना, अभी भी टेबल टेढ़ा है." यात काय गंमत आहे ते त्या दोघांनाच ठाऊक.

निघायच्या आधी एक सोहळा बघून आलो, तो तुला सांगायलाच हवा. तुमची बातमी जगभर झळकली आणि विद्यापीठाला एकदम आठवलं की आपला प्रोग्रॅम आहे. नुसता आहे असं नाही, कधी थांबलाच नव्हता! नवं बॅनर लागलं, आधीच्यापेक्षा एक मजला उंच. लोगोही नवा. नवे डायरेक्टर बाहेरून आणलेत, त्यांना चौकटी म्हणजे संकल्पनेच्या चौकटी वाटत होत्या. मलाही आमंत्रण होतं. छातीवर 'व्हेंडर'चा बिल्ला, जागा केटररच्या शेजारी. तो मला म्हणाला, "तुम्ही काय दिलं?" मी म्हटलं, "ॲल्युमिनियम." तो म्हणाला, "फॉइल का? मीपण."

मोठ्या साहेबांनी पडदा ओढला. आत आपल्या चौकटीचा मोठा फोटो, उलटा टांगलेला. सगळ्यांनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले. राष्ट्रीय संघाला मंचावर बोलावलं, तेव्हा मंचावर कुणीच गेलं नाही. हमीदा तुझ्याकडे शिफ्टवर होती आणि मी जेवणाच्या रांगेत. जेवण मात्र छान होतं.

हमीदाला सांग, तिला पीएच.डी.ची जागा मिळाल्याचं कळलं. तिचा मेसेज आला: 'आता चूक पाव मिलिमीटरचीच चालेल. यल्ला, चला, सराव करा.'

परवा पहाटे पोचलो. मुग्धाने दार उघडलं आणि पोळ्या करायला आत निघून गेली. दीड वर्षाचं बोलणं साठलंय, ते ती टप्प्याटप्प्याने देणार असं दिसतं. शुभ्रा माझ्या खांद्याला लागलीय. तिकडून निघाली तेव्हा केसांना दोन रिबिनी होत्या, आता इयरफोन आहेत. बॅगेशी उभी राहून तिने विचारलं, "बाबा, डिड इट वर्क?"

मृणाल, गेल्या दोन वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नव्हतं. कुणी विचारलं कधी संपणार, कुणी विचारलं कोण पाठवणार. मी माझं नेहमीचं काहीतरी तिरकस उत्तर शोधत होतो.

"हो," मी म्हटलं. "चाललं."

"सो व्हॉट डज इट डू?"

"काही करत नाही. जागचं हलत नाही, एवढंच. बाकीचं सगळं त्याच्यातून निघून जातं."

तिने कानातला एक इयरफोन काढला. म्हणाली, "दॅट्स हार्ड, नो?"

आतून मुग्धाचा आवाज आला. आल्यापासून ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "न हलण्याचं कौतुक पुरे झालं. ती बॅग दारातून उचल आणि आत ये."

उचलली.

चारुदत्त